आपला विश्वासू, इत्यादी

पनवेलमध्ये सर्व्हरच्या दोन जाती नांदतात. पहिली भोकरपाड्याला. तिथं योट्टाचं डेटा सेंटर आहे. २०२० च्या जुलैत, लॉकडाऊनच्या दिवसांत, पडद्यावरून उद्घाटन झालेलं. ७,२०० रॅकची जागा, टिअर फोर दर्जा, म्हणजे वीज असो की थंडावा, एक वाट बंद पडली तर दुसरी हजर.

दुसरी जात लाइन आळीत, टिळक रोडला, उरण नाक्याजवळच्या जुन्या इमारतींच्या पहिल्या मजल्यावर आढळते. टेबलाखाली. हिचा थंडावा म्हणजे वरचा पंखा, तोही टेबलावर बसणाऱ्या माणसासाठी लावलेला. विजेची दुसरी वाट म्हणजे यूपीएस, आणि त्याची बॅटरी ‘पावसाळा जाऊ दे, मग बघू’ या खात्यात. सीए, पॅथॉलॉजी लॅब, ट्रान्सपोर्टवाले, वकील, कुणाकडेही जा. एक जुना डेस्कटॉप, त्यावर कुणीतरी कधीतरी टाकलेलं लिनक्स आणि सेलोटेपनं चिकटवलेला ‘बंद करू नये’ असा कागद. खंडेनवमीला हळदकुंकू आणि झेंडू मात्र या जातीलाच आधी मिळतो. भोकरपाड्याला एकेका रॅकला हळदकुंकू लावत बसलं तर दिवाळी उजाडेल.

माझा संबंध या दुसऱ्या जातीशी. लोक मला ‘सर्व्हरवाले’ म्हणतात. प्रिंटर अडला तरी मलाच बोलावतात.

या यंत्रांकडून माझी अपेक्षा फार नसते. काही दुखलंखुपलं तर सांग, बस. डिस्क भरत आली, बॅकअप झाला नाही, अशी एका ओळीची मेल बाहेर टाक. कुणाची मेल घ्यायची नाही, कुणाच्या मेलपेट्या सांभाळायच्या नाहीत. हे मालकांना सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, “एवढंच? मेल तर आमची आठवीतली नात पाठवते.” खरं आहे. पण नातीकडे आधार कार्ड आहे, मोबाइल नंबर आहे, शाळेचा दाखला आहे. टेबलाखालच्या यंत्राकडे यातलं काहीएक नाही.

गंमत म्हणजे यंत्र गप्प नसतंच. युनिक्सच्या घराण्यात सगळं कळवून टाकायची जुनी सवय आहे. क्रॉन नावाचा एक कारकून ठरल्या वेळी ठरलेली कामं उरकतो, आणि एखाद्या कामानं तोंडातून एक शब्द जरी काढला तरी त्याची मेल करून मालकाच्या नावानं धाडतो. डिस्कची नाडी बघणारा वेगळा, तोही लिहितो. मालकाचा बाहेरचा पत्ता कुणी सांगितलेला नसतो, म्हणून सगळा पत्रव्यवहार रूट या नावानं, त्याच यंत्रातल्या पेटीत जाऊन पडतो. आत शिरणाऱ्याला पडद्यावर सांगितलंही जातं, ‘यू हॅव न्यू मेल’. ही ओळ वाचून खरोखर पेटी उघडणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. एंटर दाबायचं आणि पुढं जायचं, अशीच रीत आहे.

लाइन आळीतल्या एका सीएंच्या ऑफिसात मला बोलावलं ते प्रिंटरसाठी. मालकांना सगळा स्टाफ काका म्हणतो, म्हणून मीही काका म्हणतो. सर्व्हर बसवणारा मुलगा नोकरी लागून पुण्याला गेलेला. प्रिंटर मार्गी लागल्यावर मी ती पेटी उघडली, तर आत ढीग. वरचंच पत्र इंग्रजीत होतं, त्याचं मराठी साधारण असं: हा मजकूर एमडीएडीएमनं आपोआप तयार केलेला आहे. अमुक उपकरणावर डिग्रेडेड अ‍ॅरे ही घटना घडल्याचं आढळलं. आपला विश्वासू, इत्यादी. आणि त्याखाली, ता.क.

हे मी पदरचं घातलेलं नाही. दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवायचा, म्हणजे एक गेली तरी दुसरी दुकान चालवते, या व्यवस्थेवर देखरेख ठेवणारा हा प्रोग्रॅम. ऑस्ट्रेलियातल्या नील ब्राऊन यांनी तो लिहिला आणि पत्राचा मायना, निदान शेवट तरी, रीतसर ठेवला. ‘फेथफुली युअर्स, एटसेटरा’ अशी सही करणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही. त्या ‘इत्यादी’त फार काही सामावलंय. डिस्क मेली आहे, मी कळवलं आहे, आता तुम्ही आणि तुमचं नशीब, इत्यादी.

खरी बातमी ताज्या कलमात असते. तिथं दोन डिस्कसाठी चौकटी कंसात दोन खुणा असतात. जिवंत असेल तिथं ‘यू’ हे अक्षर, आणि गेलेलीच्या जागी नुसती खालची आडवी रेघ. काकांच्या पत्रात एक यू होता आणि एक रेघ. आपल्याकडच्या जुन्या पत्रांतही मुद्द्याची गोष्ट तिथंच सापडायची. वर साष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, पाऊसपाणी ठीक, आणि तळाशी कोपऱ्यात, ता.क. म्हैस विकली.

तेच पत्र, शब्द न बदलता, रोज एक. गणपतीच्या आधीपासून.

काकांना दाखवलं. ते चष्मा काढून म्हणाले, “मग यानं सांगितलं का नाही?”

“रोज सांगितलंय.”

“कुणाला?”

“रूटला.”

“रूट कोण?”

हा प्रश्न पुष्कळ मोठ्या कंपन्यांतही कुणी विचारलेला नसतो. रूट म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. सगळे अधिकार त्याचे, सगळी पत्रं त्याला, आणि प्रत्यक्षात असा माणूसच नाही. रेड हॅट घराण्याच्या लिनक्समध्ये कुणाची मेल कुणाकडे वळवायची याची लांबलचक यादी असते. मेलर-डीमनची पोस्टमास्तरकडे, पोस्टमास्तरची रूटकडे, गेम्सची रूटकडे, न्यूजची रूटकडे, आणि नोबडी नावाचा एक सभासद आहे, त्याचीही रूटकडेच. यादीच्या तळाशी एक ओळ असते, ‘रूटची मेल ज्यानं घ्यावी ती व्यक्ती’, आणि तिच्याखाली नमुन्यादाखल नाव घातलेलं असतं, मार्क. रेड हॅटच्या दोन संस्थापकांपैकी एकाचं नाव मार्क यूइंग. त्या ओळीच्या सुरुवातीला खूण घालून ती निजवून ठेवलेली असते. तुम्ही ती उठवायची आणि मार्कच्या जागी आपलं नाव लिहायचं, अशी अपेक्षा. न लिहिल्यास टेबलाटेबलांवरून फिरलेली फाइल शेवटी ज्या टेबलावर पोचते त्याची खुर्ची कायमची रिकामी. सरकारी कचेरीत हे व्हायला पिढ्या लागल्या. इथं ते इन्स्टॉल करतानाच मिळतं.

डिस्क बदलली, ते सोपं होतं. आता रूटच्या जागी काकांचा पत्ता घालायचा, आणि मेल टेबलाखालून काकांच्या फोनपर्यंत न्यायची.

त्यासाठी पोस्टफिक्स टाकलं. यापूर्वीच्या पिढीनं हेच काम सेंडमेलवर केलं. एरिक ऑलमन यांनी बर्कलीला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेला तो प्रोग्रॅम जगातली कुठलीही मेल कुठंही नेऊ शकत असे, फक्त त्याला तसं सांगता येणारी माणसं मोजकी होती. त्यावरचं मुखपृष्ठावर वटवाघूळ असलेलं पुस्तक पुढच्या आवृत्त्यांत हजार पानं ओलांडून गेलं. एक ओळ बाहेर पाठवण्यासाठी हजार पानं वाचायची तर माणूस स्वतः पत्र घेऊन चालत जाईल. पोस्टफिक्स १९९८ मध्ये वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना काढलं, आणि मला ते आवडतं, कारण आपलं काम पाच-सात ओळींत भागतं.

डेबियन घराण्याच्या लिनक्सवर टाकताना ते आधी विचारतं, आपण कोण? इंटरनेट साइट, स्मार्टहोस्टसह इंटरनेट, सॅटेलाइट सिस्टिम, फक्त स्थानिक, की काहीच नको? उत्साही माणूस ‘इंटरनेट साइट’ निवडतो. ऐकायला बरं वाटतं. याचा अर्थ आपलं यंत्र समोरच्या मोठ्या मेल सर्व्हरचं दार स्वतः वाजवणार. आता हे बोलणं कसं चालतं ते बघण्यासारखं आहे, कारण ते आजही त्याच पद्धतीनं चालतं जी जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून ठेवली. फक्त हेलोचा एहलो झालाय. एकेक ओळ, आणि प्रत्येकीला आकड्यात उत्तर.

“२२०. बोला.”

“एहलो. मी लोकलहोस्ट डॉट लोकलडोमेन.”

“२५०. बरं.”

“मेल रूटकडून आहे.”

“२५०. बरं.”

“काकांना द्यायची आहे.”

“५५०.”

५५० म्हणजे नाही. उद्याही नाही, परवाही नाही. सोबत कारण दिलेलं असतं: तुमचा पत्ता घरगुती ब्रॉडबँडच्या यादीत आहे, अशा पत्त्यांवरून थेट मेल घेत नाही. बऱ्याचदा तर इतकंही बोलणं होत नाही. इंटरनेटवालाच पंचवीस नंबरचं पोर्ट गल्लीच्या तोंडाशी बंद करून बसलेला असतो, आणि यंत्र दार वाजवत राहतं.

मला विचाराल तर समोरच्याचं बरोबर आहे. जगातलं प्रत्येक यंत्र स्वतःला लोकलहोस्ट म्हणतं. नाव काय? मी. गाव कुठलं? इथलंच. एवढ्या ओळखीवर लाइन आळीत कुणी खोली भाड्यानं देणार नाही. १९८२ मध्ये चालत होतं, कारण जाळ्यावर माणसं थोडी आणि बहुतेक एकमेकांना ओळखणारी. तरी पहिला व्रात्यपणा त्याच्याही आधी होऊन गेला होता. मे १९७८ मध्ये गॅरी थुर्क या डेक कंपनीच्या विक्रेत्यानं नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. शिव्या खाल्ल्या आणि संगणकही विकले. दुसरी गोष्ट लोकांच्या जास्त लक्षात राहिली. त्यानंतर लॉटऱ्या आल्या, परदेशी राजपुत्रांचे वारसे आले, आणि त्यांच्यामुळे आज मेल पाठवणाऱ्याला तीन तीन दाखले लागतात: या पत्त्यावरून पाठवायची परवानगी आहे याचा एसपीएफ, मजकुरावर शिक्का मारणारा डीकेआयएम, आणि दोन्ही नसतील तर काय करावं हे सांगणारा डीमार्क. शिवाय नंबरावरून उलटं नाव शोधलं तर तेच नाव निघायला हवं. लग्नाला इतकी चौकशी करत नाहीत.

कधी ५५० ऐवजी ४५० येतं. हे आपल्याला परिचयाचं. आत्ता नाही, नंतर या. काही सर्व्हर अनोळखी माणसाला मुद्दाम असं परत पाठवतात. खरा असेल तो पुन्हा येईल, स्पॅमवाल्याला तेवढा वेळ नसतो, असा हिशेब. पोस्टफिक्स चिवट आहे, नेमून दिल्याप्रमाणे पाच दिवस हेलपाटे घालतं. तरी जमलं नाही तर पत्र पाठवणाऱ्याला परत. पाठवणारा रूट. म्हणजे पेटी तीच.

म्हणून निवडायचं ते ‘सॅटेलाइट सिस्टिम’. या यंत्रानं स्वतः काही वाटायचं नाही. जे असेल ते ओळखीपाळखीच्या मोठ्या सर्व्हरच्या हवाली करायचं, पुढचं तो बघेल. पनवेलकराला हे समजावून सांगावं लागत नाही. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हापासून रेल्वे येईपर्यंत मुंबईचा माणूस होडीनं पनवेल बंदराला उतरायचा आणि इथून गाडी करून खोपोलीमार्गे पुण्याकडं. आज गोव्याचा महामार्ग इथूनच फुटतो आणि कोकणात जाणाऱ्या गाड्या इथं थांबतात. दुसऱ्याचं येणारं जाणारं पुढं लावून देणं हाच गावाचा पिढीजात धंदा. सिडकोनं १९७० नंतर बाजूला उपनगर उभं केल्यावर तर रोज सकाळी हार्बर लाइननं निम्मं नवीन पनवेल मुंबईच्या हवाली होतं. सॅटेलाइट म्हणजे काय हे आम्हाला पोस्टफिक्सनं विचारायची गरज नव्हती.

मोठा सर्व्हर म्हणजे ऑफिसचं जीमेल खातं. पत्ता एका ओळीत, पोर्ट पाचशे सत्याऐंशी, आणि पासवर्ड. इथं मेख आहे. साधा पासवर्ड गूगलनं ३० मे २०२२ पासून अशा यंत्रांसाठी बंद केला. आता वेगळा १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो, तो मिळण्यासाठी आधी दुहेरी पडताळणी चालू करावी लागते, आणि तिचा कोड जातो खातेदाराच्या फोनवर. खातेदार काका. काका त्या दिवशी पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला.

“काका, सहा आकडी कोड आला असेल. सांगता?”

“कोण बोलतंय?”

“मी, सर्व्हरवाला. ऑफिसातूनच बोलतोय.”

“तसं सगळेच म्हणतात.”

“अहो, आवाज ओळखत नाही का?”

“आवाज हल्ली कुणाचाही काढतात. पेपरात आलंय.”

“सकाळी आपण बरोबर चहा घेतला की.”

“कुठला?”

“खालच्या टपरीवरचा. तुमचा दोन चमचे साखरेचा.”

पलीकडं शांतता. मग अगदी खालच्या पट्टीत, “हळू बोल, ही शेजारी उभी आहे. घे लिहून.”

डायबिटीसच्या माणसाची साखर हे दोघांतच राहिलेलं गुपित; त्यावरून ओळख पटली आणि काम झालं. सोळा अक्षरांचा पासवर्ड याहून वेगळं काही करत नाही. काकांना मी नंतर ५५० ची हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी मान डोलावली. त्या सर्व्हरची बाजू त्यांना पूर्ण पटली होती.

पासवर्ड वेगळ्या फाइलीत, फाइल रूटशिवाय कुणाला वाचता येणार नाही अशी, आणि मग सगळ्या जगात होते ती चाचणी: ‘टेस्ट’. मग ‘टेस्ट २’. मग ‘टेस्ट फायनल’. शेवटी ‘टेस्ट’ हीच मेल स्पॅममध्ये सापडते. रिकाम्या अंगाची, विषय टेस्ट, पाठवणारा रूट; मीही ती तिथंच टाकली असती.

मेल जायला लागली आणि पुढचा अंक सुरू झाला. पुण्याला गेलेल्या मुलानं एक छोटी स्क्रिप्ट लावून ठेवली होती, दर पाच मिनिटांनी चालणारी, आणि दर वेळी ‘डन’ एवढंच म्हणणारी. इतके दिवस ती रूटला सांगत होती. आता काकांना सांगू लागली. डन. डन. डन. रात्रभर काकांच्या उशाशी टिंग वाजत राहिलं. सकाळी त्यांचा फोन, “तुझा सर्व्हर फार बोलतो रे.” मी पोचेपर्यंत त्यांच्या नातीनं इलाज केलेला होता, सर्व्हरकडून येईल ते सगळं एका वेगळ्या फोल्डरमध्ये, आवाज न करता. फोल्डर उघडायचं कसं हे काकांनी विचारलं नव्हतं. म्हणजे एवढा खटाटोप करून रूटची न उघडणारी पेटी टेबलाखालून उचलून मी काकांच्या खिशात ठेवली होती.

या धंद्यातले पुष्कळ लोक इथंच थांबतात. मेल जाते आहे ना, मग झालं. मला ते पटत नाही. जाणं हा अर्धाच भाग. स्क्रिप्टला समजावलं: काम झालं तर मुकाट्यानं बसायचं, बिघडलं तरच तोंड उघडायचं. घाईची माणसं यासाठी सगळा आवाजच डेव्ह-नलच्या विहिरीत लोटतात, त्यात ‘डन’बरोबर ‘वाचवा’ही बुडतं. तसं करू नये. फक्त नेहमीची बडबड तिकडं, चूक मात्र मेलवर. काकांचा फोन शांत झाला. इतका शांत की पंधरवड्यानं त्यांनी विचारलं, “चालू आहे ना रे?”

प्रश्न अचूक होता. मेल येत नाही याचे दोन अर्थ, सगळं ठीक, किंवा सांगायलाही कुणी उरलेलं नाही. यूपीएस गेला, पासवर्ड बदलला, इंटरनेटचं बिल राहिलं, तरी काकांच्या फोनवर दिसणारी शांतता तीच. आपल्याकडं या दोन बातम्यांची सोय वेगवेगळी होती. वाईट बातमीला तार. ती २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तारवाल्याला दारात बघून घरातल्या बायका वाचण्याआधीच रडायला लागत. आणि काहीही झालेलं नसताना पाठवायचं ते खुशालीचं कार्ड. मजकूर काही नाही, क्षेम आहे आणि क्षेम कळवावे. त्या कार्डाचं काम वाचलं जाणं हे नव्हतंच, ते यायचं एवढंच होतं. नाही आलं की आई कुणाला तरी मुंबईला पिटाळायची.

तेव्हा दर सोमवारी सकाळी नऊला एक मेल लावून दिली. विषय, ‘इकडील सर्व क्षेम’. आत डिस्कच्या दोन खुणा, दोन्ही यू, बॅकअपची तारीख आणि उरलेली जागा. काकांना बजावलं की ही आली तर काही करायचं नाही, नाही आली तर मला फोन. न आलेल्या गोष्टीची आठवण ठेवायला यंत्रंही मिळतात, मेल चुकली की ती बोंब मारतात, पण मग त्या यंत्राची खुशाली कुणी विचारायची इथून पुन्हा सुरुवात होते. काका सोमवारी नऊला जागे असतात आणि शेअर बाजार सव्वानऊला उघडतो. मधली पंधरा मिनिटं मी मागून घेतली.

पहिल्या सोमवारी काकांनी मेल वाचली आणि, जुन्या वळणाचे असल्यामुळे, पोच दिली. ‘युवर मेल रिसीव्ह्ड. कीप इट अप.’ आता मेल जाते ऑफिसच्या खात्यातून, येते त्याच खात्यात, आणि पाठवणाऱ्याच्या जागी गूगल त्याच खात्याचा पत्ता घालतं. उत्तरही अर्थात तिथंच गेलं. दुपारी काका सगळ्या स्टाफला फोन दाखवत होते. “बघा, मी शाबासकी दिली, आणि यानं एका मिनिटात उलटी मलाच दिली.”